ग्रेट थोर्बीला निघालेला पाव

पाव टोपलीत कसा ठेवायचा यावरूनच पहिला वाद झाला. तोही घरात नाही. शेजारच्या पीझगुडांनी तो कुंपणावरून आत टाकला.

"पेंढा," पीझगुड म्हणाले. "पेंढ्याशिवाय दुसरं काही चालायचं नाही. आमचे आजोबा बदकाची अंडी पेंढ्यात घालून पार लिंकनच्या बाजारापर्यंत न्यायचे. एक फुटलं नाही."

"मी पाव नेतोय, अंडी नाही," ट्रिकेट मास्तर म्हणाले.

"तेच सांगतोय ना! अंड्याला निदान कवच असतं."

यावर उत्तर असायला हवं होतं, पण मास्तरांना ते सुचलं नाही. पीझगुडांच्या बोलण्याचा हाच गुण होता. चूक आहे हे लगेच कळायचं, कुठं चूक आहे हे रात्री जेवताना कळायचं. तोवर टोपलीत पेंढा भरून झाला होता.

पाव साधा नव्हता. सुगीच्या प्रार्थनेला वेदीवर ठेवतात तो, गव्हाच्या पेंडीच्या आकाराचा. मोठ्या परातीएवढा, एकेक ओंबी कात्रीनं कातरून उभी केलेली, मध्ये वेणीसारखा पिळाचा बंध, आणि खालच्या देठांवरून वर चढणारा कणकेचा एक छोटासा उंदीर, डोळ्यांच्या जागी दोन काळे बेदाणे. उंदराशिवाय तो पाव पुरा होत नाही. असं का, ते कुणाला विचारू नये. लिंकनशायरमध्ये असल्या गोष्टी विचारणारा माणूस बाहेरून आलेला समजतात, आणि मग तो तिथंच म्हातारा झाला तरी बाहेरचाच राहतो.

सगळा घोळ त्या उंदराचा होता.

मास्तरांच्या पत्नी एव्हरिलबाई आणि त्यांची थोरली बहीण बेरिल यांच्या आईचा सुगीचा पाव आसपासच्या गावांत नावाजलेला होता. आई गेली त्या वर्षी तो बेरिलनं केला आणि उंदीर उजवीकडे चढवला. प्रार्थना संपल्यावर एव्हरिलबाई पावाजवळ जाऊन फक्त एवढंच म्हणाल्या, "आई उंदीर डावीकडे ठेवायची गं." एव्हरिलबाईंचा आवाज असा मऊ, की घरातलं मांजरसुद्धा दुसऱ्या हाकेला मान वळवतं. पण ते वाक्य म्हणायला आणि ऑर्गन थांबायला एकच गाठ पडली, आणि ते चर्चभर ऐकू गेलं. त्यानंतर दोन बहिणींत नाताळच्या कार्डाशिवाय काही उरलं नाही. त्या कार्डावरही नुसतं "बेरिल", नुसतं "एव्हरिल". मागंपुढं काही नाही.

यंदा बेरिल सफरचंदं काढताना शिडीवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. मग एका संध्याकाळी फोन वाजला.

"यंदाचा पाव तू कर," बेरिल म्हणाली. "शनिवारी चहाच्या वेळेपर्यंत पोचव. आणि उंदीर विसरू नकोस."

कुठल्या बाजूला, ते ती बोलली नाही.

एव्हरिलबाई सकाळ-संध्याकाळ प्रार्थना न चुकवणाऱ्या, आणि दुपारी बाराला असतील तिथं थांबून एक स्तोत्र म्हणण्याचा त्यांचा नेम. त्या आठवड्यात त्यांची प्रार्थना जरा लांबायला लागली. मास्तरांनी ओळखलं, देवाकडे उंदराचा विषय निघालेला आहे. शुक्रवारी दुपारी त्यांनी कणकेचा उंदीर हातात घेतला, घटकाभर तशाच उभ्या राहिल्या, आणि उजवीकडे चिकटवला. बेरिलच्या बाजूला.

"आईला चालेल?" मास्तरांनी विचारलं.

"आईचं मी बघते," एव्हरिलबाई म्हणाल्या. "बेरिलला तेवढा दिसला म्हणजे झालं."

आता असा पाव सायकलवरून का न्यायचा, तर त्याला कारण मास्तरांची जीभ. मास्तर भूगोलाचे शिक्षक. उन्हाळ्यात निवृत्त झाले, आणि लगेचच्या रविवारी प्रार्थनेनंतरच्या चहाला, हातात कपबशी घेऊन म्हणाले, "घाई करणारा माणूस देश पाहत नाही, नुसता ओलांडतो. मी आता सायकलनं हिंडणार. सावकाश." वाक्य इतकं झकास झालं, की ते त्यांनी आणखी दोन घोळक्यांत जाऊन म्हटलं. तिसऱ्या घोळक्यात पाद्रीबाई होत्या. पाद्रीबाईंसमोर बोललेलं मागं घेता येत नाही. मोटार भाच्याच्या दारात गेली आणि ट्रिकेटांच्या दारात दोन हिरव्या सायकली आल्या. बस त्या भागात फक्त बुधवारी येते, आणि ती ग्रेट थोर्बीला जात नाही.

"मी मोटारनं सोडतो की," पीझगुड म्हणाले. "अर्ध्या तासात पोचाल."

"अर्ध्या तासात पोचायचं असतं तर सायकल कशाला घेतली असती?" मास्तर म्हणाले, आणि शनिवारी सकाळी पायघोळ जुना रेनकोट चढवून, विजारीच्या पायांना चिमटे लावून, कॅरिअरला टोपली बांधून निघाले. मागून एव्हरिलबाई. त्यांच्या टोपलीत चीजची सँडविचेस, चहाचा थर्मास आणि प्रार्थनेचं पुस्तक.

"नकाशा घेतलास?" एव्हरिलबाईंनी विचारलं.

मास्तरांनी नुसतं मागं वळून पाहिलं. तीस वर्षं मुलांना हा भाग शिकवलेल्या माणसाला नकाशा विचारणं म्हणजे पाद्रीबाईंना येशूचं गाव विचारण्यासारखं. त्या पाहण्यात त्यांची सायकल चिखलाच्या चाकोरीत गेली, पण पडली नाही, आणि मास्तरांनी तो शुभशकुन मानला.

वोल्ड्सच्या टेकड्या लांबून गाईच्या पाठीसारख्या मऊ दिसतात. सायकलवरून त्या तशा नाहीत. पहिल्या चढावर मास्तर निसर्ग पाहायला उतरले. दुसऱ्या चढावरही उतरले. तिसऱ्या चढावर निसर्गाचं नाव न घेताच उतरले. एव्हरिलबाई मागून पायीच येत होत्या. त्यांनी पहिल्या चढालाच काही कारण न सांगता सायकल हातात धरली होती. बायकांना हे बरं जमतं.

टेकडीवरच्या तिठ्यावर लाकडी खांब होता. त्याच्या एका हातावर 'ग्रेट थोर्बी ३'. दोघांनी झाडाखाली चहा प्यायला, भुरभुर पाऊस सुरू झाला तसे उठले, आणि बराच वेळ पेडल मारल्यावर दुसरा खांब आला. 'ग्रेट थोर्बी ३½'.

"वाढलं," एव्हरिलबाई म्हणाल्या.

"खांब वेगवेगळ्या काळातले असतात," मास्तर म्हणाले. "मैल मोजायच्या पद्धती बदलत गेल्या."

हे त्यांना तिथल्या तिथं सुचलं होतं, पण म्हणताना इतकं पटलं की ते त्याच रस्त्यानं पुढं गेले आणि हॅसलबी नावाच्या गावात उतरले. वास्तविक हॅसलबी वाटेत यायला नको होतं.

गावाच्या तोंडाशी पिवळं जाकीट घातलेला एक गृहस्थ खुर्ची टाकून बसला होता. शेजारी फळी आडवी.

"रस्ता बंद," तो म्हणाला. "आज बुजगावण्यांचा उत्सव आहे. परीक्षक यायचेत."

"आम्हाला फक्त पलीकडे जायचंय. सायकलनं."

"चाकं आहेत ना तिला?"

"आहेत, पण…"

"मग वाहन. वाहनांना वळणरस्ता. पिवळे बाण लावलेत, त्यांच्या मागं जा. सरळ काम आहे."

"धन्यवाद," मास्तर म्हणाले.

"छे छे, माफ करा हं, तुम्हाला त्रास," तो म्हणाला.

"नाही नाही, आमचीच चूक," मास्तर म्हणाले. चूक कसली ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. बोलणं उरकल्यावर ते पिवळ्या बाणांमागं निघाले.

प्रत्येक घरापुढं एकेक बुजगावणं. एका फाटकात पेंढ्याची नवरी, बुरख्यासकट. पुढं गळ टाकून बसलेला कोळी. एका खिडकीत दंतवैद्य, खुर्चीत तोंड वासलेला पेंढ्याचा रोगी. बाण डावीकडे वळले, उजवीकडे वळले, चर्चला वळसा घालून मैदानाकाठच्या एका रिकाम्या बाकापाशी आले, तिथून पुढं गेले, आणि समोर पुन्हा तोच पिवळ्या जाकिटाचा गृहस्थ.

"पुन्हा आलात?"

"आलो," मास्तर म्हणाले, जणू त्याच्यासाठीच आले होते. "गाव सुंदर आहे."

दुसरी फेरी त्यांनी जास्त लक्ष देऊन केली, आणि नेमके तिथंच पोचले. पिवळ्या जाकिटानं या वेळी नुसती टोपी उचलली. त्या टोपीनं मास्तरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"कुणाला तरी विचारू या," एव्हरिलबाई म्हणाल्या.

मास्तरांनी आजवर कुणाला रस्ता विचारलेला नव्हता. पण मांडीत गोळे आले होते, पाऊस मानेतून आत चालला होता, आणि पाव चहाच्या वेळेपर्यंत पोचायला हवा होता. कोपऱ्यावर भिंतीला टेकून पोलीस उभा होता. मास्तर सायकलवरून उतरले, घसा खाकरला, आणि निवृत्त भूगोल शिक्षकाला शक्य होतं तितक्या सहजपणे म्हणाले, "माफ करा, ग्रेट थोर्बीला कोणता रस्ता जातो? म्हणजे, तसा मला माहीत आहे. बायकोची खात्री पटावी म्हणून."

पोलिसानं उत्तर दिलं नाही.

"मी काही विचारतोय," मास्तर म्हणाले. "वय काय तुमचं? शाळेत कुणी शिष्टाचार शिकवला की नाही?"

"डेस्मंड," एव्हरिलबाई हळूच म्हणाल्या, "त्याच्या बाहीतून पेंढा येतोय."

मास्तरांनी बाही पाहिली. मग त्यांनी हँडलवरचा पावसाचा थेंब पुसला. "कळलं होतं मला," ते म्हणाले. "नुसता आवाज कसा घुमतो ते बघत होतो."

समोरच्या बागेत एक म्हातारी डेलियाची फुलं कापत होती. तिनं हे सगळं पाहिलं होतं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. हॅसलबी हे सभ्य गाव आहे. ती आपणहून म्हणाली, "ग्रेट थोर्बी ना? नवरीपाशी वळा, मग कोळी लागेल. त्याच्या डाव्या अंगानं जो रस्ता जातो, तो धरा."

"त्याच्या डाव्या की आमच्या?" मास्तरांनी विचारलं.

"त्याच्याच की. कोळी त्याचा, डावी बाजू त्याची."

उत्तर अगदी स्पष्ट होतं. फक्त मधल्या वेळात वाऱ्यानं कोळी फिरला होता आणि गळ ओढ्याऐवजी कुणाच्या तरी बटाट्याच्या वाफ्यात सोडून बसला होता. त्याच्या डावीकडचा रस्ता एका गोठ्यात संपला. तिथून पाठीमागं वळताना मास्तरांची सायकल कुंपणाच्या झुडपात शिरली, मास्तर तिच्यामागोमाग शिरले, आणि पीझगुडांचा सगळा पेंढा त्यांच्या अंगावर रिकामा झाला.

"पाव?" एव्हरिलबाई म्हणाल्या. नवऱ्याला लागलं का हे त्यांनी नंतर विचारलं. मास्तरांनाही तो क्रम बरोबरच वाटला.

पाव धड होता. उंदीर जागेवर होता, दोन्ही बेदाण्यांसकट.

हळूहळू सायकली ढकलत ते मैदानाकाठच्या त्या बाकापाशी आले. चर्चच्या घड्याळात बाराचे ठोके पडायला लागले. एव्हरिलबाईंनी सायकल भिंतीला टेकवली.

"मी आत जाऊन स्तोत्र म्हणून येते. तू बस. पाव मांडीवर घे, टोपलीत आता पेंढा राहिला नाही."

पाऊस थांबला होता. मास्तर बसले. पाव मांडीवर घेतला, कडा दोन्ही हातांनी धरल्या. रेनकोटाच्या कॉलरमधून, बाह्यांतून, हेल्मेटच्या फटींतून पेंढा बाहेर आला होता, तो झटकायला हात मोकळे नव्हते. पायाशी गवतात एक पाटी खोचलेली होती, 'थकलेला प्रवासी'. मास्तरांनी ती पाहिली. आपली अवस्था गावात पोचण्याआधीच कुणीतरी लिहून ठेवली याचं त्यांना आश्चर्य वाटलं, पण त्या दिवशीच्या आश्चर्यांमध्ये ते लहानसंच होतं. त्यांनी डोळे मिटले. त्या बाकावरचा मूळचा प्रवासी पावसात भिजला म्हणून त्याची मालकीण त्याला कोरडी विजार घालायला घरी घेऊन गेली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

डोळे उघडले ते आवाजानं.

"नाक फार मोठं झालंय," एक बाई म्हणत होत्या.

डोक्यावर मोठी टोपी, छातीवर 'परीक्षक' असा बिल्ला. शेजारी लालबुंद चेहऱ्याचे एक गृहस्थ, आणि दोरीला एक आखूड पायांचा कुत्रा. मास्तरांनी डोळे अर्धेच उघडले होते. ते तसेच राहिले.

मास्तर त्याच क्षणी का बोलले नाहीत, असं एखाद्याला वाटेल. तो माणूस लिंकनशायरमधला नाही, एवढंच म्हणता येईल. बाईंनी नाकाबद्दल बोलून टाकलं होतं. आता मास्तर हलले, तर एका सभ्य बाईला कळणार, की आपण एका जिवंत गृहस्थाच्या नाकाला त्याच्या तोंडावर नाव ठेवलं. त्या मेल्याहून मेल्या होतील. त्यांना त्या प्रसंगात टाकणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. त्यापेक्षा श्वास धरावा. परीक्षक काही जन्मभर उभे राहणार नाहीत.

"पोटात पेंढा जास्त कोंबलाय," गृहस्थ म्हणाले.

"पण खांदे बघा. किती पडलेले! आयुष्यात काही जमलं नाही असं त्या खांद्यांवर दिसतंय. हे मात्र कुणीतरी छान केलंय."

"कातडं कशाचं असेल?"

"जुन्या पिशवीचं."

मास्तरांच्या मनात भूगोलाच्या तासाला कसा वर्ग शांत बसायचा ते येऊन गेलं. आणि तेवढ्यात त्यांना मांडीवर ऊब जाणवली.

कुत्र्यानं दोन पाय बाकावर टेकले होते. त्यानं ओंब्या हुंगल्या, वेणी हुंगली, आणि सगळं नीट विचारात घेऊन उंदराकडे वळला.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. जेवढं डोळे न हलवता पाहता येतं तेवढं पाहिलं. तीस वर्षं वर्गातली टारगट मुलं ज्या नजरेनं जागच्या जागी बसली ती सगळी नजर त्यांनी त्या कुत्र्यावर लावली. कुत्र्यानं आधी एक बेदाणा काढला, तो नीट चावला, मग दुसरा. मग उंदीर, शेपटापासून डोक्यापर्यंत. उंदराखालची दोन देठंही गेली. एव्हरिलबाईंच्या आठवडाभराच्या प्रार्थना मास्तरांच्या गुडघ्यावर कुरुमकुरुम वाजत होत्या, आणि मास्तर सभ्यपणे बसले होते.

"मार्मड्यूक, नको," टोपीवाल्या बाई म्हणाल्या. "लोकांनी कष्टानं केलेलं असतं." मग लाल चेहऱ्याला म्हणाल्या, "तिसरा देऊ या?"

"तिसरा ठीक. डोळे काही जमलेले नाहीत."

त्यांनी मास्तरांच्या कोटावर 'हॅसलबी, तिसरा क्रमांक' असं लिहिलेलं पिवळ्या रिबिनीचं एक मोठं फूल टाचलं आणि ते पुढं गेले.

एव्हरिलबाई चर्चमधून बाहेर आल्या तेव्हा मास्तर तसेच बसले होते. परीक्षक कोपऱ्यावर दंतवैद्याकडे वळेपर्यंत हलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. बाईंनी रिबीन पाहिली, वाचली. त्यांचे ओठ थरथरले.

"तिसरा," मास्तर ओठ न हलवता म्हणाले. "तिसरा क्रमांक. पहिला कोण आला असेल एव्हरिल?"

मग एव्हरिलबाईंचं लक्ष पावाकडे गेलं.

त्या बाकावर बसल्या. उंदराच्या जागी पाव खरवडल्यासारखा होऊन आतला पांढरा दिसत होता.

"तिला वाटेल मी ठेवलाच नाही," त्या म्हणाल्या. "डावीकडे ठेवला असता तर भांडली असती, चाललं असतं. उजवीकडे ठेवला असता… ठेवलाच होता. आता तिला वाटेल, मला तिचं खरं मानायचं नव्हतं म्हणून मी उंदीरच गाळला."

"मी सांगतो ना तिला."

"तू तिचा मेहुणा आहेस. तुझं ती कशाला ऐकेल?"

मास्तरांनी मांडीवरच्या पावाकडे पाहिलं. "मी उठायला हवं होतं," ते म्हणाले. "पण त्या बाईंनी नाकाबद्दल बोलून टाकलं होतं गं."

एव्हरिलबाईंनी त्यांच्या नाकाकडे पाहिलं, बाहीतला पेंढा काढला, आणि नवऱ्याचा हात थोपटला. "मग उठणं बरं दिसलं नसतं," त्या म्हणाल्या. त्या मनापासून तसं म्हणत होत्या.

रस्ता चर्चमध्ये फुलं मांडणाऱ्या बाईंनी एव्हरिलबाईंना सांगितला होता. चर्चच्या मागूनच तो जात होता, आणि त्यावर एकही पिवळा बाण नव्हता. ते पिवळे बाण बुजगावणी पाहत फिरणाऱ्यांसाठी होते. वळणरस्त्याचेही पिवळेच, पण ते लावायचे राहून गेले होते. ते निघताना पिवळ्या जाकिटानं मास्तरांच्या कोटावरचं फूल पाहिलं आणि म्हणाला, "वा! मला पहिल्यांदा वाटलं, तुम्ही पाहुणे आहात."

ग्रेट थोर्बी नावालाच ग्रेट, शेजारच्या लिटल थोर्बीच्या निम्मंही नाही. वाटेतल्या प्रत्येक चढावर सायकली ढकलत दोघं तिथं पोचली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. बेरिल दारातच उभी होती. हात गळ्यात, प्लॅस्टरवर कुणीतरी कोंबडीचं चित्र काढलेलं.

"उशीर केलात," ती म्हणाली. "चहा दोनदा केला." मग मास्तरांकडे बघून, "हे काय झालंय याचं?"

"तिसरा आलाय," एव्हरिलबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात आईचंच जुनं टेबल होतं. मास्तरांनी पाव त्यावर ठेवला. बेरिल वाकली. बराच वेळ ओंब्या पाहिल्या, वेणी पाहिली, मग बोट त्या पांढऱ्या खड्ड्यावर थांबलं.

"उंदीर कुठाय?"

"कुत्र्यानं खाल्ला," मास्तर म्हणाले.

"कुत्र्यानं." बेरिल सरळ झाली. "तू पाव मांडीवर घेऊन बसला होतास, आणि कुत्र्यानं खाल्ला. तू काय करत होतास?"

"बसलो होतो," मास्तर म्हणाले. याहून खरं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं.

"मी ठेवला होता बेरिल," एव्हरिलबाई म्हणाल्या. "उजवीकडे. तुझ्यासारखा."

"असं?" बेरिलनं हात गळ्यातल्या झोळीत नीट केला. "खड्डा काय, कुत्र्यानं कुठंही पाडला असेल. उंदीर नाही, तर आता कुठलीही बाजू म्हणता येते. डेस्मंड, तू तर पाव धरून होतास. तू सांग. कुठल्या बाजूला होता?"

दोघी त्यांच्याकडे वळल्या. मास्तरांना इतकं साधं उत्तर द्यायचं होतं. पण दिवसभरात त्या माणसाला इतकं डावं-उजवं झालं होतं, की ते शब्दच हाताला लागेनात. पाव मांडीवर होता. ओंब्या पोटाकडे होत्या की गुडघ्याकडे? कुत्रा समोरून आला, तो कुत्र्याच्या डावीकडे होता. मास्तरांच्या मात्र…

"कुणाच्या उजवीकडे?" त्यांनी शेवटी काकुळतीनं विचारलं. "माझ्या, की समोर उभं राहून बघणाऱ्याच्या?"

"हे बघ, मला शाळेतलं उत्तर नको," बेरिल म्हणाली. "आईच्या हाताशी मी उभी असायची. इथं. या कडेला. मी डोळ्यांनी पाहिलंय, आई उजवीकडे…"

आणि ती थांबली.

एव्हरिलबाई टेबलाच्या दुसऱ्या कडेला उभ्या होत्या. लहान होत्या तेव्हा स्टुलावर चढून तिथंच उभ्या असायच्या, कारण कात्री थोरलीलाच मिळायची आणि धाकटीनं हात मध्ये घालू नये म्हणून तिला समोर ठेवायचे. त्यांनी टेबलावरचा साखरेचा चमचा उचलला आणि पावावर, त्या पांढऱ्या खड्ड्यावर ठेवला.

"तिथून?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे," बेरिल म्हणाली.

"इथून डावीकडे."

"पण चर्चमध्ये तर आपण दोघी…"

"चर्चमध्ये पुढं भोपळे असायचे गं. पाव दिसायचा कुठं?"

बेरिल खुर्चीवर बसली. आधी तिचे खांदे हलले, मग प्लॅस्टर टेबलावर आपटायला लागलं, आणि एव्हरिलबाई, ज्यांच्या पहिल्या हाकेला मांजरही वळत नाही, त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मास्तर दचकून मागं सरले. थोड्या वेळानं त्या दोघी हसत होत्या की रडत होत्या हे त्यांना नीट कळेना, आणि रस्ता विचारण्याचा त्या दिवशीचा अनुभव लक्षात घेऊन त्यांनी तेही विचारलं नाही. ते थंड झालेला चहा प्यायला लागले.

नवा उंदीर भाजायला वेळ नव्हता. पाव संध्याकाळच्या आत चर्चमध्ये जायचा होता. बेरिलनं मास्तरांच्या कोटावरचं पिवळं फूल काढून खड्ड्यावर टाचलं. खड्डा झाकला गेला, आणि दिसलंही छान.

दुसऱ्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. वेदीवर गाजरं, सफरचंदं, चटणीच्या बरण्या, एक अवाढव्य भोपळा, आणि त्या सगळ्यांच्या पुढं, पहिल्यांदाच सगळ्यांना दिसेल असा, पाव. दोन्ही गावांना पाद्रीबाई एकच. त्यांनी सुगीबद्दल देवाचे आभार मानले. मग त्यांचं लक्ष रिबिनीकडे गेलं. त्या जरा वाकल्या, वाचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आणि आपल्या सर्वांसाठी आनंदाची गोष्ट म्हणजे," त्या म्हणाल्या, "या पावाला हॅसलबीत तिसरं बक्षीस मिळालेलं आहे."

चर्चमध्ये कुजबुज उठली. ती आनंदाची नव्हती.

"तिसरं?" मागून कुणीतरी म्हणालं.

मास्तरांच्या लक्षात आलं, आता उठायला हवं. उभं राहून सांगायला हवं, की बक्षीस पावाचं नाही, माझं आहे. त्यांनी बाकाच्या कडेला हात टेकला. पण पाद्रीबाईंनी बोलून टाकलं होतं. सगळ्या गावासमोर. अशा वेळी…

तोवर बेरिल उभी राहिली होती. गळ्यातला हात, डोक्यावर रविवारची टोपी.

"तिसरा!" ती म्हणाली. आवाज छताच्या तुळयांपर्यंत गेला. "माझ्या बहिणीचा पाव तिसरा? हॅसलबीच्या परीक्षकांच्या डोळ्यांवर पडदे आलेत काय? अख्ख्या वोल्ड्समध्ये असा पाव दुसरा दाखवा मला! माझ्या बहिणीचा पाव!"

"बरोबर आहे!" लोक म्हणाले. कुणीतरी हॅसलबीला पत्र लिहायला हवं म्हणालं.

एव्हरिलबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी हळूच बेरिलचा कोट खाली ओढला, आणि बेरिल बसली तरी तो कोट सोडला नाही.

मास्तरांनी बाकावरचा हात काढून घेतला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, डोळे अर्धे मिटले, आणि प्रार्थना संपेपर्यंत जराही हलले नाहीत.